सुबाभूळ आणि तिच्या विषावर जगणारा जिवाणू

सुबाभूळ हे शेंगांच्या कुळातले झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचे. तिचे काही वाण वीस मीटरपर्यंत उंच जातात. सिनर्जिस्टीस जोन्सिआय हा जिवाणू जेमतेम दीड मायक्रोमीटर लांबीचा, राहतो रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोटीपोटात. झाडाला ऊन आणि मोकळी हवा हवी. जिवाणूला प्राणवायू मुळीच सोसत नाही. इतक्या विजोड जीवांचा संबंध जोडला आहे तो मिमोसीन या अमिनो आम्लाने.

सुबाभळीच्या मुळांवरील गाठींत राहणारे दुसरे जिवाणू हवेतला नत्र बांधतात, त्यामुळे तिचा पाला प्रथिनांनी भरलेला असतो. उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ संस्थेने महाराष्ट्रात तिचा प्रसार केला, त्यामागे हा चाराही होताच. पण त्याच पाल्यात मिमोसीन असते. घोड्याने तो फार खाल्ला तर आयाळीचे आणि शेपटीचे केस झडतात. गाई-शेळ्यांच्या कोटीपोटात मिमोसीनपासून डीएचपी हे संयुग बनते. ते थायरॉइड ग्रंथीचे काम बिघडवते. गलगंड होतो, वजन घटते. ऑस्ट्रेलियातील पशुपालकांना हा अनुभव आला.

हवाई बेटांवरील शेळ्या मात्र सुबाभूळ खाऊनही धडधाकट असत. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी कारण शोधले ते त्यांच्या कोटीपोटात. हवाईतील शेळ्यांचे जिवाणू ऑस्ट्रेलियातील जनावरांच्या पोटात सोडल्यावर त्यांनाही डीएचपी पचू लागले. १९८६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १९९२ मध्ये या जिवाणूचे शास्त्रीय वर्णन झाले आणि त्याला जोन्स यांचे नाव मिळाले.

त्याचा आहार खरोखर विलक्षण आहे. कोटीपोटातले बहुतेक जिवाणू चाऱ्यातल्या तंतूंवर, पिष्टावर आणि शर्करेवर जगतात. हा शर्करेला तोंडही लावत नाही. अर्जिनीन, हिस्टिडीन आणि डीएचपी यांवर त्याचे भागते.

प्रसाराच्या बाबतीत झाड वरचढ. त्याचे टणक बी वर्षानुवर्षे टिकते आणि पोत्यातून समुद्र ओलांडते. जिवाणूला जिवंत जनावरच लागते, त्यामुळे सुबाभूळ पोचली तिथे तो सोबत पोचलाच असे नाही. नंतरच्या तपासण्यांत तो अनेक देशांतील गुरांत आढळला, पण पुष्कळदा इतका तुरळक, की विष निपटायला पुरा पडू नये. म्हणून क्वीन्सलँडमध्ये विरजणासारखे या जिवाणूंचे मिश्रण तयार करून पशुपालकांना पुरवतात. कळपातल्या थोड्या गुरांना ते पाजले, की बाकीच्यांत आपोआप पसरते.