गाडीच्या आतली साफसफाई

पावसाळ्यात चार दिवस बंद असलेल्या गाडीचं दार उघडलं, की कुबट वास नाकात शिरतो आणि आपण घरातली दिसेल ती बाटली उचलतो. तिथेच चूक होते.

डॅशबोर्ड प्लॅस्टिकचा असतो. त्याला कोमट पाण्यात दोन-चार थेंब सौम्य साबण आणि घट्ट पिळलेलं मायक्रोफायबरचं फडकं पुरतं. चकाकी आणणारं सिलिकॉनचं पॉलिश मला तरी पटत नाही. दुपारच्या उन्हात त्याची तिरीप समोरच्या काचेवर पडते आणि रस्ता नीट दिसत नाही. स्टिअरिंगला आणि पेडलला तर ते लावूच नका, हात-पाय घसरतात.

टचस्क्रीनवर थेट फवारा नको. फडकं किंचित ओलं करून पुसा. अमोनिया असलेला काच-क्लीनर पडद्याचा लेप आणि काचेवरची फिल्म खराब करतो. नेलपॉलिश काढायच्या अ‍ॅसिटोनने प्लॅस्टिक विरघळतं, डाग मात्र तिथेच! सीटबेल्टला ब्लीच लावलं तर त्याचे धागे कमकुवत होतात. साबणाच्या पाण्याने पुसा, पूर्ण ओढून सावलीत वाळवा, मगच आत जाऊ द्या.

आणि ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. नवीन बाटली आणलीत तर आधी सीटखालच्या कोपऱ्यात थेंबभर लावून बघा. साफ करताना दारं मात्र चारही उघडी ठेवा.