वीज परतते तो क्षण



हिमायतनगरातील एखादी सदनिकांची इमारत डोळ्यांपुढे आणा. दुपारी वीज गेली आहे. पंपात काही अडकले म्हणून मिस्त्री झाकण काढून आत हात घालतो. मुख्य खटका पाडावयाचे राहून गेले आहे. इतक्यात वीज येते, स्वयंचलित नियंत्रकातील रिले खट्‌ करतो आणि पंप हिसका देतो. टाकी तर भरलेली आहे आणि अशा वेळी पंप चालवू नये, असे आज्ञावलीत स्पष्ट लिहिलेले आहे. मग हे घडले कसे?

उत्तर सोपे आहे. आज्ञावली अद्याप सुरूच झाली नव्हती.

वीज येताच प्रोसेसर जागा होत नाही. व्होल्टेज स्थिरावते, घड्याळाची स्पंदने नियमित होतात, मग पहिली आज्ञा वाचली जाते. यास काही मिलिसेकंद लागतात; रास्पबेरी पायसारख्या फलकावर कित्येक सेकंद. तोवर चिपचे बहुतेक पाय अधांतरी असतात. ते ना शून्य सांगतात, ना एक. अशा पायाला मॉसफेट जोडलेला असेल, तर त्याच्या गेटाला प्रवाह जवळजवळ लागतच नाही. जवळून गेलेल्या तारेचा प्रभावही त्यास उघडावयास पुरतो.

म्हणून पहिला नियम असा की, सुरक्षित अवस्था आज्ञावलीने नव्हे, तर जोडणीनेच ठरवावी. गेट व भूमी यांच्यामध्ये दहा किलो-ओहमचा एक रोधक बसवावा. जवळच्याच कोठीच्या गुजराती गल्लीत रेझिस्टर या नावाने तो अल्प मोलात मिळतो. काही रिले मात्र शून्य मिळताच ओढले जातात. तेथे रोधक भूमीकडे न जोडता पुरवठ्याकडे जोडावा.

दुसरा नियम क्रमाचा. अर्डुइनो उनोवरील एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये पाय ‘बाहेर देणारा’ म्हणून जाहीर होताच, आधी काही लिहिले नसल्यास, तो शून्य देतो. शून्याने ओढला जाणारा रिले त्या क्षणी ओढला जाणारच! यास्तव आधी मूल्य लिहावे, मग दिशा ठरवावी.

तिसरा नियम निवडीचा. ईएसपी ८२६६ मध्ये ०, २ आणि १५ या क्रमांकांच्या पायांवरून चिप कोणत्या रीतीने सुरू व्हावयाची हे ठरते. त्यांवर पंपाचा भार टाकू नये.

वीज पुरती न जाता नुसती दबली, तरी प्रोसेसर भरकटू शकतो. अशा वेळी त्यास थांबवून धरणारी सोय एटीमेगात असते. ती चालू ठेवावी.

ज्या हैदराबादेत १९६७ साली इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाची स्थापना झाली, तेथे आज हौशी तरुणही असे फलक घरी जुळवतात. त्यांना एवढेच सांगणे की, मोटारीऐवजी दिवा लावावा, चिप कोरी ठेवावी आणि वीज दहा वेळा घालवून आणून पाहावी. दिवा एकदाही लुकलुकला, तर जोडणी अपुरी समजावी.

आणि मिस्त्रीने हात घालण्यापूर्वी मुख्य खटका पाडावाच. कोणताही रोधक त्याची जागा घेऊ शकत नाही.