फळ्यावरचं नाव
(दहावी १९९४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



"तू नेमकं काय काम करतेस ते दहा मिनिटांत सांग," असं मला संयोजकांनी बजावलंय. मी एके काळची मॉनिटर. वेळ पाळायची खोड अजून गेलेली नाही, त्यामुळे काळजी नसावी.

मॉनिटर म्हटल्यावर तुम्हाला काय आठवलं ते कळलं मला! बाई ऑफिसात गेल्या की मी खडू घेऊन उभी आणि फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं. त्यात एक नाव जवळजवळ रोज असायचं. ते मी इथे घेणार नाही. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसायचा तो. टोल पडला की दोन्ही कानांवर हात घ्यायचा. गणिताच्या तासाला वहीची पानं फाडायचा, बाक वाजवायचा. मग ठरलेलं वाक्य यायचं, "हो बाहेर उभा!" तो जायचा आणि व्हरांड्यातल्या खांबाला टेकून अगदी शांत उभा राहायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवीनंतर तो शाळेत दिसला नाही, आणि खरं सांगायचं तर आपण कुणी विचारलंही नाही.

आज मी एका शाळेत विशेष शिक्षिका आहे. स्वमग्न मुलं, एका जागी बसू न शकणारी मुलं नेहमीच्याच वर्गात शिकावीत म्हणून वर्गशिक्षकांना मदत करते. त्यासाठी जी पद्धत वापरते तिचं नाव अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनॅलिसिस, म्हणजे उपयोजित वर्तन विश्लेषण. १९६८ साली अमेरिकेत बेअर, वूल्फ आणि रिस्ली या तिघांनी एका लेखात या शास्त्राची चौकट मांडली. नाव जड आहे, पण गाभा साधा आहे. मूल जे करतं ते उगाच करत नाही. त्यातून त्याला काहीतरी मिळतं किंवा कशातून तरी सुटका होते. कुणाचं लक्ष, हवी असलेली वस्तू, नकोशा कामातून सुटका, किंवा शरीराला मिळणारा एखादा अनुभव – बहुतेक वेळा या चारांपैकीच कारण असतं.

एक उदाहरण देते. चौथीतला एक मुलगा रोज पट्टी भिरकावायचा. बाई वैतागून गेल्या होत्या. मी मागच्या बाकावर बसून वहीत तीन रकाने आखले : आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. दहा दिवस नुसती नोंद केली. पहिल्या रकान्यात बहुतेक वेळा एकच गोष्ट होती, "फळ्यावरचं उतरवून घ्या." तिसऱ्या रकान्यातही एकच, "वर्गाबाहेर पाठवलं." म्हणजे ज्याला आपण शिक्षा समजत होतो, ते त्याच्यासाठी बक्षीस होतं! लिहिणं जड जायचं, पट्टी फेकली की सुटका व्हायची.

मग आम्ही त्याला एक कार्ड दिलं, "मला थोडं थांबायचंय." कार्ड दाखवलं की लगेच दोन मिनिटं विश्रांती. सुरुवातीला मी शेजारी बसून त्याचा हात कार्डाकडे वळवायची. हळूहळू ती मदत काढून घेतली. सगळा फळा उतरवण्याऐवजी आधी तीनच ओळी. त्या झाल्या की बाई लगेच सांगायच्या, "तीन ओळी पूर्ण केल्यास, छान." नुसतं "शहाणा मुलगा" नाही, काय चांगलं केलं ते नेमकं सांगायचं. आणि पट्टी फेकली तर ओरडा नाही, पण सुटकाही नाही. पहिल्या आठवड्यात फेकाफेक वाढली. तसं होतं, कारण जुनी किल्ली चालेना की माणूस ती आधी जोरात फिरवून बघतो. बाईंनी धीर सोडला नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पट्टी कंपासपेटीत राहायला लागली.

या शास्त्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. सुरुवातीच्या काळात या नावाखाली अमेरिकेत मुलांना चापट्या मारल्या गेल्या, विजेचे झटकेसुद्धा दिले गेले. लहानपणी असे उपचार झालेली अनेक स्वमग्न माणसं आज मोठी होऊन सांगतात, की आम्हाला आज्ञाधारक केलं, पण समजून घेतलं नाही. त्यांचं ऐकायलाच हवं. म्हणून मी स्वतःला आधी विचारते, या वागण्याचा त्रास नक्की कुणाला होतोय? एखादं मूल आनंदाने हात हलवत असेल तर हलवू दे. ते थांबवणं माझं काम नाही. "नको" म्हणायची सोपी वाट त्याला मिळवून देणं, हे माझं काम.

सर, बाई, तुम्हाला दोष देण्यासाठी मी हे बोलत नाही. साठ मुलांच्या वर्गात तुम्ही एकटे होता आणि हे तुम्हालाही कुणी शिकवलं नव्हतं. १९९५ च्या अपंगत्वाच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हतीच. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि तिचा समावेश आहे. आपला तो मित्र स्वमग्न होता का, हे मी आज सांगू शकत नाही आणि सांगूही नये. पण टोल त्याला सोसत नव्हता, एवढं तर आपल्या सगळ्यांना दिसत होतं.

आता एक विनंती. आपल्या तुकडीच्या निधीतून शाळेला कमान बांधून द्यायची असं ठरतंय. कमान सुंदरच दिसेल. पण त्यातले थोडे पैसे बाजूला काढू या का? वाचनालयाशेजारच्या रिकाम्या खोलीत एक शांत कोपरा करू, आणि शिक्षकांसाठी दर वर्षी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवू. प्रशिक्षणाला मी मोफत येईन. कमानीखालून आत आलेलं मूल आत टिकलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

मी वर्षभर फळ्यावर त्याचं नाव लिहिलं. आज कळतं, मी फक्त मधला रकाना भरत होते. आधी काय झालं आणि नंतर काय झालं, हे कधी लिहिलंच नाही. तुमच्यापैकी कुणाला त्याचा पत्ता ठाऊक असेल, तर जेवणाच्या सुट्टीत मला जरूर सांगा. पुढच्या मेळाव्याचं आमंत्रण द्यायला मी स्वतः जाईन.