पट्टीही लिहून ठेवा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)

आदरणीय गुरुजन, आणि आजही सवयीने मागच्या बाकांवरच जाऊन बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी ‘आवडीच्या विषयावर पाच मिनिटं’ बोलायला सांगितलं. मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून काहींनी धास्ती घेतली असेल. घाबरू नका. मी बोलणार आहे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या स्पॅनिश गिटारबद्दल.

ती गिटार आजच्यापेक्षा लहान आणि सडपातळ होती. तिला तारांच्या पाच जोड्या असत, त्याही जनावरांच्या आतड्याच्या, म्हणजे तातेच्या. पहिली तार बहुधा एकेरीच असे. गास्पार सान्झ हा आरागोनचा वादक सालामांकात धर्मशास्त्र शिकला, संगीतासाठी इटलीला गेला आणि १६७४ मध्ये त्याने झारागोझात गिटार शिकवणारं पुस्तक छापलं.

त्यातली लिपी आपल्या सारेगमसारखी नाही. पाच रेघा म्हणजे पाच जोड्या. रेघेवरचा आकडा म्हणजे बोट कितव्या पडद्यावर ठेवायचं. शून्य असेल तर तार मोकळी. बोट कुठे ठेवायचं, एवढंच कागद सांगतो. तिथून सूर कोणता निघेल, हे तारा कोणत्या चढवल्यात यावर अवलंबून.

खरी गंमत इथेच आहे. चौथ्या आणि पाचव्या जोडीत काही वादक खर्जाची जाड तार घालत. काही फक्त चौथ्या जोडीत घालत. काही मात्र दोन्हीकडे बारीक तारा चढवून त्या वरच्या सप्तकात लावत. या शेवटच्या पद्धतीत सगळ्यात खालचा सूर मधल्या, तिसऱ्या जोडीवर येतो. विचित्र वाटतं ना? मग मिरजेचा तंबोरा आठवा. पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि शेवटी खर्ज. तिथे तरी तारा कुठे सुरांच्या क्रमाने असतात?

आता अशा गिटारच्या मोकळ्या तारा तिसरी, पाचवी, दुसरी, चौथी, पहिली या क्रमाने छेडा. जी, ए, बी, डी, ई. जी हा षड्ज मानला तर सा, रे, ग, प, ध. भूपाचे सूर, एकही बोट न ठेवता, ओळीने चढत जातात. प्रत्येक सूर वेगळ्या तारेवर असल्यामुळे आधीचा विरायच्या आत पुढचा त्यात मिसळतो. स्पॅनिशमध्ये या वादनाला ‘कांपानेला’ म्हणतात, म्हणजे छोटी घंटा. तेच आकडे आजच्या सहा तारांच्या गिटारवर वाजवले, की रे आणि प धाडकन खालच्या सप्तकात पडतात. आकडे बरोबर, बोटं बरोबर, पण घंटा गेल्या!

सान्झने मात्र तारांबद्दल लिहून ठेवलं. रोममधले उस्ताद बारीक तारा वापरतात. नुसता झणकार हवा असेल तर खर्जाच्या तारा चांगल्या, नाजूक छेडकामाला बारीक. या मोजक्या ओळींमुळे त्याच्या घंटा आज पुन्हा ऐकू येतात. त्या काळच्या अनेक पुस्तकांत तारांबद्दल काहीच लिहिलेलं नाही. गावातल्या प्रत्येक वादकाला जे ठाऊक आहे, ते कोण लिहीत बसणार? त्या वादकांबरोबर ती माहितीही गेली. कोणत्या संगीताला कोणत्या तारा, यावर अभ्यासक अजून वाद घालताहेत.

माझ्या कामातही हेच दिसतं. प्रोग्रॅम शिल्लक राहतो. तो कोणत्या गृहीतावर लिहिला, हे माहीत असलेला माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. जी गोष्ट ‘सगळ्यांना माहीतच आहे’, तीच सगळ्यात आधी हरवते.

मेळाव्याच्या स्मरणिकेत आपली प्रार्थना छापणार आहेत, असं कळलं. म्हणजे शब्द छापणार. पण आपल्या संगीताच्या बाईंनी तिला लावलेली चाल, दुसऱ्या कडव्याआधीचा तो थांबा, शेवटची ओळ मुलींनी वरच्या सुरात उचलायची, हे कुठेच लिहिलेलं नाही. ते आपल्या गळ्यात आहे आणि बाईंच्या बोटांत. बाई आज समोर बसल्या आहेत, कोपऱ्यात पेटीही आहे.

बाई, जेवणाआधी दहा मिनिटं द्याल का? आम्ही गातो, कोणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करा, कोणीतरी सारेगम उतरवून घ्या. आणि पट्टी कोणती, तेही त्यावर लिहा.