रानात बोलत जावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आधीच्या भगिनी लोणच्यांविषयी आणि बचतीविषयी छान बोलल्या. माझ्या वाट्याला अस्वल आले आहे. हसू नका. गेल्या मे महिन्यापासून आपल्यातल्या कितीतरी जणींनी करवंदांना आणि सरपणाला जाणे सोडले आहे. घरात गॅस आला तरी आंघोळीच्या पाण्याला अजून लाकूडच लागते. करवंदे-जांभळे विकून जे चार पैसे मिळतात, ते बाईच्या स्वतःच्या हातातले असतात. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

ऐकीव गोष्ट दर उंबऱ्याला वाढत जाते, म्हणून घडले तेवढेच सांगते. सुट्टीला आमच्या वन्सं मुलांना घेऊन कोल्हापूरहून आल्या होत्या. मुलांना करवंदांची हौस. सासूबाई, वन्सं, मी आणि दोन मुले नीट उजाडायच्या आतच सड्याकडे निघालो. वारा समोरून येत होता. वाटेच्या वळणावर भाता फुंकावा तसा आवाज आला. पाहतो तो वीस पावलांवर अस्वल, वारूळ उकरून त्यात तोंड घालून बसलेले. पाठीवरच्या दाट केसांना पिल्लू बिलगलेले.

भाच्याने फोटोसाठी मोबाईल काढला, तो सासूबाईंनी हातानेच खाली दाबला. इतक्यात अस्वल मागच्या दोन पायांवर उभे राहिले. छातीवरचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसला. वन्सं पळायला वळल्या, तसा सासूबाईंनी त्यांचा पदर धरला. मुलांना मागे घेतले आणि गोठ्यातल्या म्हशीशी बोलावे तशा सावकाश म्हणाल्या, "बये, तू तुझं खा. आम्ही चाललो." असे म्हणत आम्ही एकेक पाऊल मागे सरलो. अस्वल फुरफुरले, खाली झाले आणि पिल्लासकट जाळीत शिरले. सगळे मिळून दोन मिनिटे झाली असतील. कुणाला ओरखडाही आला नाही. "अंगावर धावले", "पोराला ओढले" हे सगळे मागाहून जोडलेले आहे.

पुढे वनखात्याच्या माणसांकडून पुष्कळ समजून घेतले. आपल्याकडचे अस्वल माणूस खायला येत नाही. त्याचे अन्न म्हणजे वाळवी, मुंग्या, मध, करवंदे, जांभळे, उंबरे. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेते, म्हणून तो भात्यासारखा आवाज. वास त्याला फार दुरून येतो, पण नजर आणि कान बेताचेच. खाण्यात गुंतले म्हणजे माणूस अगदी जवळ येईतो त्याला पत्ता लागत नाही, आणि मग दचकून ते हल्ला करते. पिल्लू जवळ असले तर विचारूच नका. नखे बोटाएवढी लांब, आणि वार बहुधा तोंडावर, डोक्यावर. म्हणून भीती खोटी नाही. पण दोन पायांवर उभे राहणे म्हणजे हल्ला नव्हे; कोण आले आहे, याचा ते अंदाज घेते.

लहानपणी आपण दोन मित्रांची गोष्ट ऐकली. एक झाडावर चढला, दुसरा मेल्याचे सोंग घेऊन पडला. मुलांना ही गोष्ट सांगताना आता पुढचे दोन शब्दही सांगावेत. अस्वल झाडावर उत्तम चढते; मधासाठी तर चढतेच. पळण्यातही ते माणसाला मागे टाकते. आणि लांबून दिसल्याबरोबर जमिनीवर पडायचे नसते. तोंड त्याच्याकडेच ठेवून हळूहळू मागे सरावे. अंगावर आलेच, तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान आणि डोके झाकावे.

दरवेशी अस्वल घेऊन दारी यायचा, तेही आठवत असेल. भिऊ नये म्हणून मुलांच्या गळ्यात त्याचा केस बांधत. पिल्लाच्या नाकात तापलेली सळई घालून दोर ओवलेला असे, हे तेव्हा कोण सांगणार? 1972 च्या कायद्याने अस्वलाला संरक्षण मिळाले, आणि 2009 च्या सुमारास तो नाचाचा धंदा देशातून संपला. तिकडे राधानगरी-दाजीपूरला गव्यांसाठी 1958 साली अभयारण्य झाले. 2021 साली आपल्या गगनबावड्याचे रानही संवर्धन राखीव क्षेत्र ठरले. तेव्हा अस्वल इथे पाहुणे नाही, शेजारी आहे. शेजाऱ्याच्या घरात शिरताना आपण बाहेरून हाक मारतो ना? रानातही तेच करावे.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. एकटीने जाऊ नये, तिघी-चौघींनी मिळून जावे. चांगले उजाडल्यावर निघावे आणि दिवस कलायच्या आत परतावे. मुलांना पुढे पळू देऊ नये. कुत्रे बरोबर नेऊ नये. ते भुंकून अस्वलाला डिवचते आणि मग आपल्याच पायांशी धाव घेते. ताजे उकरलेले वारूळ दिसले की मागे फिरावे. जाळ्यांना आग लावण्याची भाषा कुणी करत असेल तर त्याला आवरावे. त्या जाळ्या अस्वलाच्या आणि आपल्याही पोटाच्या आहेत. कुणाला इजा झालीच, तर आधी दवाखाना आणि लगोलग वनखात्याचे कार्यालय गाठावे. सरकारकडून भरपाई मिळते, पण ती कळवल्याशिवाय मिळत नाही.

आणि शेवटचे. बायका फार बडबडतात, असे आपल्याला घरोघरी ऐकावे लागते. रानात तीच बडबड आपली राखण आहे. मोठ्याने बोलत चला, हाका मारा, ओव्या म्हणा, विळ्याच्या मुठीला घुंगरू बांधा. आपण येतोय हे त्याला आधी कळले, की बहुतेक वेळा तेच बाजूला होते.

येत्या मे महिन्यात करवंदे पिकली, की मंडळातर्फे पहिली टोळी काढावी. सासूबाई पुढे चालायला तयार आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी माझ्याकडे नाव सांगावे.