यंत्र गावात आल्यावर



पदवीच्या वर्गांतल्या मुलामुलींनी संशोधन करावे आणि ते चारचौघांत मांडावे, यासाठी भरलेल्या या परिषदेचे अध्यक्षपद मला दिलेत, त्याबद्दल संयोजकांचे मनापासून आभार. विज्ञान, तंत्रज्ञान आणि वैद्यक समाजात उतरतात तेव्हा काय घडते, हा आपला विषय आहे. छत्रपती संभाजीनगरात बसून त्यावर बोलायचे तर उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. मी थेट शेजारच्या बीड जिल्ह्यात जातो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास तिथली गावेच्या गावे ऊसतोडीसाठी रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. एक दिवस कामावर जाता आले नाही तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. फडावर संडास नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत कापड धुवायला पुरेसे पाणी नाही. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, शेवटी बाई एखाद्या खासगी दवाखान्याची पायरी चढते. सोनोग्राफी होते, कॅन्सरचे नाव कानावर पडते आणि गर्भपिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. मुले झालेली असतात, पुन्हा खाडा नको असतो. ती हो म्हणते.

ही गोष्ट वर्तमानपत्रांनी आणि महिला संघटनांनी उचलून धरल्यावर सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. साधारण सहा जणींमागे एक. त्यांत तिशीही न गाठलेल्या बायका होत्या.

गर्भपिशवी काढण्याची शस्त्रक्रिया योग्य कारणासाठी झाली तर जीव वाचवते. सोनोग्राफी यंत्रातही काही खोट नाही. गफलत झाली ती फडापासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंतच्या वाटेवर. त्या वाटेवर उचल आहे, खाडा आहे, नसलेला संडास आहे, डॉक्टरची फी आहे आणि कॅन्सरची भीती आहे. ही वाट कोणत्या विषयाच्या अभ्यासक्रमात येते? वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शस्त्रक्रिया शिकवतात, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मजुरी शिकवतात. खाड्याच्या भीतीने शस्त्रक्रियेला होकार देणारी बाई दोघांच्याही पुस्तकात सापडत नाही.

ती सापडावी म्हणून काय करावे लागते, याचा धडा गडचिरोलीने फार पूर्वी घालून दिला आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. दवाखान्याच्या नोंदवहीवर विसंबले असते तर हे दुखणे जगाला दिसलेच नसते. दवाखान्यात कोण पोहोचत नाही, हे घराघरांत गेल्यावरच कळते. बीडची आकडेवारी या अभ्यासाशेजारी ठेवून वाचा. जे त्रास इतक्या सर्रास आढळतात आणि ज्यांतले बरेचसे औषधाने बरे होतात, त्यांच्यासाठी थेट अवयवच काढला जात असेल, तर तो केवळ एखाद्या डॉक्टरच्या सचोटीचा प्रश्न राहत नाही.

त्याच सोनोग्राफी यंत्राची बीड जिल्ह्यातलीच दुसरी कहाणी तुम्हाला ठाऊक आहे. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, देशात सर्वांत आधी. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मधल्या ८९४ वरून २०११ मध्ये ८०७ वर घसरली. यंत्र तेच, जिल्हा तोच. एकीकडे पोटातल्या मुली गेल्या, दुसरीकडे बायकांच्या पिशव्या गेल्या. या दोन कहाण्या एकत्र मांडणारे संशोधन मराठवाड्यातल्या मुलांनी केले पाहिजे असे मला तळमळीने वाटते. त्यांतल्या कित्येकांची आई किंवा मावशी फडावर जाते.

आता आपली व्यवस्था पाहू. विद्यापीठांमध्ये होणारा ‘आविष्कार’ हा संशोधन महोत्सव मला मोलाचा वाटतो. राज्यपालांच्या पुढाकाराने तो सुरू झाला आणि पदवीच्या मुलांना त्यात स्वतंत्र स्थान आहे. पण त्याचे सहा गट आहेत: मानव्यविद्या एकीकडे, वैद्यक दुसरीकडे, अभियांत्रिकी तिसरीकडे. गर्भपिशवीचा प्रश्न घेऊन आलेल्या मुलीने कोणता गट निवडायचा? मानव्यविद्येतला परीक्षक विचारणार, यात वैद्यक का? वैद्यकातला विचारणार, प्रयोग कुठे आहे? बाबासाहेबांनी १९५० मध्ये या शहरात महाविद्यालय काढले तेव्हा कला आणि विज्ञान एकाच संस्थेत सुरू केले होते. त्या शेजाराची आज फार गरज आहे.

शहराच्या पाण्याचेच घ्या. मलिक अंबरच्या काळात खोदलेल्या नहरींचा आणि नंतरच्या पाणचक्कीचा आपण पर्यटकांपुढे अभिमानाने उल्लेख करतो, आणि घरी मात्र जायकवाडीवरून येणाऱ्या पाण्याची कित्येक दिवस वाट पाहतो. पंप आणि जलवाहिनीचे गणित अभियांत्रिकीचा विद्यार्थी करील. पाणी येण्याच्या दिवशी कोणाची मजुरी बुडते, कोणत्या मुलीची शाळा बुडते, हे समाजशास्त्राचा विद्यार्थी मोजील. दोघांच्या वह्या एका टेबलावर आल्या तरच शहराचे पाणी कळेल.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणले, चौथ्या वर्षाला संशोधनाची जोड दिली. आणि झेरॉक्सच्या दुकानांत तयार प्रकल्प विकले जाऊ लागले. बांधणी सुबक, मुखपृष्ठावर फक्त नाव बदलायचे. याला मी फसवणूक म्हणतो, आणि सही करणारा शिक्षक त्यात भागीदार असतो. वीस घरे फिरून वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलेली वही त्या सुबक बांधणीपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

पण घरे फिरताना जपून. बाईला आधी सांगा की आपण कोण, कशासाठी विचारतो, आणि नको असेल तर तिने उत्तर देऊ नये. गावाचे, तिचे, डॉक्टरचे नाव वहीत उघडे ठेवू नका. शरीराच्या दुखण्याबद्दल विचारायचे असेल तर आधी नैतिकता समितीची मान्यता घ्या आणि मुलींनीच ते विचारावे. आपली स्वतःची मावशी असली तरी हेच नियम. उलट तिथे ते अधिक काटेकोर पाळा, कारण तिला नाही म्हणणे सर्वांत अवघड जाते.

येथे जमलेल्या प्राचार्यांना माझी विनंती आहे. यंदा आपल्या महाविद्यालयात कलेचा एक आणि विज्ञानाचा एक विद्यार्थी मिळून एक प्रकल्प करतील अशी व्यवस्था करा. तो मराठीत लिहू द्या. त्याची एक प्रत ग्रंथालयात ठेवा, आणि जिथली माहिती घेतली त्या गावाच्या ग्रामसभेत तो त्या विद्यार्थ्यांनाच वाचायला पाठवा.