गिऱ्हाइकाचा फोटो

महालात बडकस चौकाजवळच्या एका गल्लीत, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर एक फोटो स्टुडिओ होता. कॉलेजात शिकत असताना, १९९८ ते २००० अशी दोन वर्षे, मी त्या काकाजींच्या मागून दिवे नि स्टँड उचलून हिंडलो. पगार नव्हता, चहा मिळे, आणि अंधाऱ्या खोलीत उभे राहायला मिळे.

काम किती तऱ्हेचे! सकाळी शाळेच्या वर्गाचा ग्रूप, दुपारी विमा कंपनीसाठी चेपलेली मोटार, संध्याकाळी साक्षगंध. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन नटलेली पोरे रांगच लावत. वर्गाच्या ग्रूपमध्ये एकही चेहरा झाकला जाऊन चालत नाही, कारण प्रत्येक मुलगा प्रत विकत घेणार असतो. मोटारीचा नंबर आणि चेपलेला भाग एकाच चौकटीत यायला हवा. आणि साक्षगंधात रुसलेली आत्या सर्वांच्या आधी टिपायची. हे शेवटचे शास्त्र मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेले नाही.

हा धंदा केलेला आपल्याकडचा सर्वांत नामवंत माणूस म्हणजे दादासाहेब फाळके. त्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वांना ठाऊक आहे. पण त्यापूर्वी, १८९५ च्या सुमारास, त्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचे दुकान मांडले होते. प्लेगात पत्नी आणि मूल गेले, आणि ते बडोद्याला परतले. तिथे कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो अशी लोकांची समजूत. त्यामुळे धंदा चालेना, असे सांगतात. आमच्या काकाजींची अडचण याच्या उलट होती. लोक फोटोला भीत नव्हते, काढून घ्यायचेच विसरत होते.

१९९९ च्या पावसाळ्यात एक बाई आल्या. नवरा गेलेला, तेरवीला भिंतीवर लावायला एकही फोटो नाही. काकाजींनी विचारले, “कधी ग्रूपमध्ये बसले होते का जी?” बऱ्याच वेळाने बाईंना आठवले: एम्प्रेस मिलमध्ये कुणाच्या तरी निरोपाला फोटो काढला होता, तो याच दुकानाने. साल नक्की सांगता येईना. काकाजींनी वही काढली. प्रत्येक कामाची तारीख, गिऱ्हाइकाचे नाव आणि निगेटिव्हच्या पाकिटाचा नंबर तिच्यात असे. अर्ध्या तासात पाकीट हाती आले. बारा माणसांचा ग्रूप, आणि हवा तो चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा.

लाल दिव्याखाली थाळीतल्या कागदावर तो चेहरा हळूहळू वर आला. भरड, एक डोळा सावलीत. पण बाईंनी ओळखला. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “टोपी काढता येईल का? घरी ते टोपी घालत नव्हते.”

ब्रशने कॉलर नीट करून देणारे काकाजी इथे अडले. “टोपीखालचं कपाळ मी पाहिलं नाही, बाई. मी काढलं तर ते दुसऱ्याच कुणाचं निघेल.” बाई नाराज झाल्या. मलाही तेव्हा वाटले, गिऱ्हाईक सांगते तर करावे की! आज तसे वाटत नाही. फोटो टोपीसकट गेला.

कायदा मोठा गमतीचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, मोबदला देऊन सांगून काढवून घेतलेल्या फोटोच्या हक्काचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाराच. निगेटिव्ह मात्र पडून राहते फोटोग्राफरच्या पेटीत. डिजिटल कॅमेरा आला, स्टुडिओ बंद झाला, काकाजीही गेले. मग पेट्यांसाठी भंगारवाला आला. फिल्ममध्ये चांदी असते ना! काही पेट्या त्याच्याकडे गेल्यासुद्धा. उरलेल्या अकरा आणि ती वही मी घरी आणली.

नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो. माळ्यावर ठेवलेल्या पहिल्या पेटीतल्या फिल्मा एकमेकींना चिकटल्या, तेव्हा बाकीच्या खालच्या गार खोलीत हलवल्या. आता रविवारी एक-एक पाकीट उघडून वहीशी ताडतो. महालातल्या ज्यांच्या घरचे लग्न किंवा साक्षगंध काकाजींनी टिपले असेल, त्यांनी तारीख आठवून ठेवावी. नावाच्या खोड्या फार, एकाच आडनावाची वहीत पन्नास घरे. तारीख असली की पाकीट सापडते.